चार्ल्स डार्विन : माणूस आणि इतर प्राणी

चार्ल्स डार्विन यांचा जन्म १८०९ मध्ये इंग्लंडमधील श्रूझबरी येथे झाला. 'बीगल' जहाजावरील प्रदीर्घ प्रवासानंतर, १८३८ मध्ये त्यांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जेनी ही ओरांगउटान मादी पाहिली. रक्षकाने सफरचंद दाखवूनही न दिल्याने ती हट्टी मुलासारखी लाथा झाडत रडली. या निरीक्षणाचा त्यांच्या विचारांवर खोल ठसा उमटला. तरीही १८५९ च्या ग्रंथात मानवाच्या उत्पत्तीविषयी त्यांनी जवळजवळ मौन पाळले. १८७१ मध्ये मात्र मानव व उच्च प्राणी यांच्या मनांतील भेद प्रकाराचा नसून प्रमाणाचा आहे, असे त्यांनी प्रतिपादिले. नीतिबुद्धी त्यांनी मानवाचे सर्वश्रेष्ठ वैशिष्ट्य मानली. परंतु तिचे मूळही प्राण्यांच्या सहजीवनात शोधले. नैसर्गिक निवडीचे सहसंशोधक वॉलेस यांना मानवी बुद्धीची अशी उपपत्ती मान्य झाली नाही. १८८२ मध्ये डार्विन निवर्तले. हा मतभेद अखेरपर्यंत मिटला नाही.