पेर हेनरिक लिंग: व्यायाम आणि मालिश यांना उपचाराचा दर्जा देणारा शिक्षक

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा संघ 1949 साली स्वीडनमधील स्टॉकहोम येथे भरलेल्या लिंगियाड या व्यायाम महोत्सवात सहभागी झाला होता. ज्यांच्या नावाने हा महोत्सव भरत असे, त्या पेर हेनरिक लिंग यांची ही ओळख. आज फिजिओथेरपीच्या विभागात रुग्णाचा हात किंवा पाय ठरावीक पद्धतीने हलवून घेतात, त्या पद्धतीची एक मोठी मुळी त्यांच्या कामात आहे.

बालपण आणि दुखरा हात

लिंग यांचा जन्म 15 नोव्हेंबर 1776 रोजी दक्षिण स्वीडनमधील एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. वडील लवकर वारले. तरुणपणी ते कोपनहेगनला गेले आणि तेथे तलवारबाजी व जिम्नॅस्टिक शिकले. त्यांच्या हाताला संधिवाताचा त्रास होता. नियमित सरावाने तो हात सुधारल्याचे त्यांच्या लक्षात आले, असे सांगितले जाते. पुढे लुंद विद्यापीठात तलवारबाजी शिकवताना त्यांनी शरीररचनाशास्त्राचा अभ्यास केला. कोणता स्नायू कोणत्या हालचालीने काम करतो, हे त्यांना नीट समजून घ्यायचे होते.

संस्था आणि विरोध

1813 मध्ये स्टॉकहोमला त्यांची व्यायाम संस्था सुरू झाली. शाळेतील मुले, सैनिक आणि रुग्ण यांच्यासाठी त्यांनी वेगवेगळे व्यायाम आखले. रुग्णांसाठीच्या हालचाली तीन प्रकारच्या होत्या: रुग्णाने स्वतः केलेल्या, दुसऱ्याने करवून घेतलेल्या आणि हलका विरोध देऊन केलेल्या. अनेक डॉक्टरांना हे पटले नाही. व्यायामशिक्षकाने उपचार करावेत का, हा त्यांचा आक्षेप होता. हळूहळू मान्यता मिळाली. ते कवीही होते आणि 1835 मध्ये स्वीडिश अकादमीचे सदस्य झाले. 3 मे 1839 रोजी त्यांचे निधन झाले.

स्वीडिश मसाजचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, पण आजच्या मसाजमधील हातांच्या क्रियांची मांडणी मुख्यतः नंतरच्या काळातील डच डॉक्टर मेझगर यांची आहे. आरोग्याविषयीच्या लिंग यांच्या काही कल्पनाही आज मागे पडल्या आहेत. मात्र ठरावीक हालचाल ठरावीक मात्रेत, ही त्यांची दृष्टी टिकून आहे.

हालचालीने रक्ताभिसरणात काय बदलते?

विश्रांतीत हृदय मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त ढकलते. जोरदार व्यायामात हे प्रमाण तीन-चार पट होऊ शकते. पायांतले रक्त वर चढवायला पोटऱ्यांचे स्नायू मदत करतात. स्नायू आकसला की शिरा दाबल्या जातात आणि शिरांतील झडपा रक्ताला परत खाली येऊ देत नाहीत. चालताना ही लय आपोआप चालते. तासन्‌तास बसून राहिले, की ती मंदावते आणि पाय जड होतात. मालिशनेही शिरांतील रक्त आणि ऊतींतील द्रव काही प्रमाणात पुढे सरकतो व स्नायू सैल पडतात; पण मालिश व्यायामाची जागा घेऊ शकत नाही.

घरच्यांनी लक्षात ठेवावे

- लांबच्या प्रवासात किंवा अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला घोटे वर-खाली हलवायला सांगा.
- एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, दुखू लागली, गरम किंवा लाल झाली, तर मालिश करू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखले, तर थेट तातडीच्या विभागात न्या.
- हाड मोडले असल्यास, ताप किंवा उघडी जखम असताना आणि रक्त पातळ करण्याची औषधे चालू असताना आधी विचारा.
- हृदयविकार किंवा मधुमेह असल्यास व्यायामाची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.