मांजरपाट आणि तांब्याची तार

यंदा दिवाळीत लेकीकडे सोमेश्वरनगरला गेलो होतो. जावई साखर कारखान्यात. गळीत हंगाम तोंडावर आलेला, त्यामुळे ते घरी यायचे ते जेवायला आणि झोपायला. नात नववीत आहे. तिला तिच्या प्रयोगांसाठी घरच्या घरी पॉवर सप्लाय करायचा होता आणि त्याला बारा-शून्य-बारा व्होल्टचा, एक अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर हवा होता. हल्ली हलकेफुलके अॅडाप्टर पैशाला पासरी मिळतात, पण तिला अधिक बाराही हवे होते आणि उणे बाराही. बारामतीतली दोन दुकानं पालथी घातली. एकाकडे होता तो सहा व्होल्टचा, दुसऱ्याकडचा अर्ध्या अँपिअरचा. दुसरा दुकानदारच म्हणाला, की काका, तुमच्याच गावात मोटार रिवाइंडिंगवाला आहे, त्याच्याकडून गुंडाळून घ्या.

उसाच्या पट्ट्यात रिवाइंडिंगवाल्याला कामाची ददात नाही. रात्री कमी दाबानं वीज आली की विहिरीवरची मोटार जळते आणि सकाळी ती सायकलवर नाही तर ट्रॅक्टरमध्ये दुकानापुढे हजर. मी दुकानात पाऊल टाकलं आणि ओळख पटली. १९८८ साली मी याच भागातल्या एका बँकेच्या शाखेत होतो. तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा एक मुलगा तार गुंडाळायच्या मशिनसाठी पाच हजारांचं कर्ज मागायला आला होता. तारण नाही, जामीनदार नाही, दहावी नापास. अर्ज नामंजूर केला असता तर एक वेळ चाललं असतं. मी उत्तरच दिलं नाही. कागद फायलीच्या तळाशी गेला आणि दोन वर्षांनी माझी बदली झाली. त्यानंही मला ओळखलं. अर्जाचा विषय काढला नाही, चहा सांगितला.

तो बॉबिन शोधत होता आणि मला मायकेल फॅरडे आठवत होता. ज्याला आज आपण ट्रान्सफॉर्मर म्हणतो, त्याचा मूळपुरुष ज्यानं स्वतःच्या हातांनी गुंडाळला तो. त्याचाही एक अर्ज असाच बिनउत्तराचा राहिला होता.

फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनच्या दक्षिण अंगाला न्यूइंग्टन बट्स इथला. वडील लोहार, पण प्रकृतीनं कायम अधू. १८०१ च्या महागाईत पोराच्या वाट्याला आठवड्याला एक पाव यायचा आणि तो आठवडाभर पुरवायचा. शाळा म्हणजे लिहिणं, वाचणं आणि जेमतेम हिशेब. तेराव्या वर्षी तो रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे वर्तमानपत्रं पोचवायला लागला. वर्षभरानं रिबोनं त्याला बुकबाइंडिंग शिकायला ठेवून घेतलं, सात वर्षांच्या करारावर आणि शिकवण्याचे पैसे न घेता. सुतळी, दोरा, सरस, कापड यांत ही सात वर्षं गेली. वाचकांनी हे ध्यानात ठेवावं, पुढे कामाला येणार आहे.

बांधायला आलेलं पुस्तक तो वाचूनच परत द्यायचा. ब्रिटानिका ज्ञानकोशातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या बाईंचं रसायनशास्त्रावरचं संवादरूप पुस्तक, या दोहोंनी त्याला झपाटलं. १८१२ मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्हीच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. डेव्ही म्हणजे त्या काळातला रसायनशास्त्राचा बादशहा. फॅरडेनं चारही व्याख्यानांची टिपणं घेतली, आकृत्या काढल्या, सगळं साफ उतरवून काढलं.

विज्ञानाच्या कामात शिरायचं एवढंच आता डोक्यात. त्यानं रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं, पडेल ते काम द्या म्हणून. अध्यक्षांचं नाव सर जोसेफ बँक्स. नाव वाचून मी आयुष्यभर हसत आलो, त्या दुकानात मात्र हसू आलं नाही. पत्राला उत्तर आलं नाही.

मग त्यानं व्याख्यानांच्या टिपणांचं सुमारे तीनशे पानांचं पुस्तक स्वतः बांधलं आणि डेव्हीला पाठवलं. डेव्ही भेटला, चांगला बोलला आणि बाइंडिंगचा धंदा सोडू नकोस असा सल्ला देऊन मोकळा झाला. पण १८१३ च्या फेब्रुवारीत त्याच्या प्रयोगशाळेतल्या एका मदतनिसानं मारामारी केली, त्याची नोकरी गेली आणि डेव्हीला बाइंडर आठवला. आठवड्याला पंचवीस शिलिंग, माळ्यावरच्या दोन खोल्या, वर कोळसा आणि मेणबत्त्या. फॅरडेनं आयुष्यभराचं काम त्याच इमारतीत केलं.

पुढची वर्षं सुखाची होती असं नाही. डेव्हीबरोबर युरोपचा दौरा झाला, त्यात डेव्हीच्या बायकोनं त्याला घरगड्यासारखं वागवलं. १८२१ मध्ये त्याचं सारा बर्नार्डशी लग्न झालं. त्याच वर्षी त्यानं विजेच्या जोरावर तार लोहचुंबकाभोवती फिरवून दाखवली. विजेच्या मोटारीचं मूळ ते. त्यावरून कल्पना कुणाची असा वाद पेटला. १८२४ मध्ये फॅरडेला रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळायची वेळ आली, तेव्हा विरोध कुणी केला? खुद्द डेव्हीनं. बँकेत चौतीस वर्षं काढल्यावर मला याचं नवल वाटत नाही. आपल्या हाताखालचा माणूस आपल्या बरोबरीच्या खुर्चीत बसला की भल्याभल्यांच्या पोटात दुखतं. फॅरडे निवडून आला ती गोष्ट वेगळी. डेव्हीविषयीचा आदर त्यानं शेवटपर्यंत सोडला नाही.

आता त्या दिवसाकडे येतो. २९ ऑगस्ट १८३१, सोमवार. विजेनं चुंबकत्व निर्माण होतं हे अकरा वर्षांपूर्वीच कळलं होतं. मग चुंबकत्वापासून वीज का मिळू नये, हा प्रश्न फॅरडेचा पिच्छा सोडत नव्हता. त्यानं नरम लोखंडाचं गोल कडं घेतलं, बाहेरून सहा इंच व्यासाचं आणि पाऊण इंचाहून थोडं जास्त जाडीचं. त्याच्या एका अर्ध्या भागावर तांब्याच्या तारेचे तीन तुकडे गुंडाळले, प्रत्येक सुमारे चोवीस फुटांचा. दुसऱ्या भागावर दोन तुकड्यांत मिळून साठ फूट.

पण तार उघडी होती. आज बाजारात मिळते तशी इनॅमल चढवलेली तार तेव्हा कुठली? वेढ्याला वेढा चिकटला तर वीज जवळची वाट धरणार आणि सगळी मेहनत फुकट. तेव्हा बाइंडरचा हात पुढे आला. दोन वेढ्यांमध्ये त्यानं सुतळी घातली आणि दोन थरांमध्ये मांजरपाट. ते कडं आजही लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपून ठेवलेलं आहे. मी त्याचं छायाचित्र पाहिलं आहे. यंत्रापेक्षा ते एखाद्या जुन्या पोथीच्या बासनासारखं दिसतं.

एका बाजूच्या तारा त्यानं बॅटरीला जोडल्या. दुसऱ्या बाजूची तार तीन फुटांवरच्या चुंबकसुईवरून नेली. जोडणी होताच सुई हलली, झुलली आणि जागेवर येऊन थांबली. बॅटरी जोडलेली, वीज वाहतेय आणि सुई गप्प. जोडणी तोडली, पुन्हा हलली. हाती लागला तो बदलाच्या क्षणापुरता धक्का, सतत वाहणारी वीज नाही. दुसरा कुणी याला अपयश म्हणून कडं माळ्यावर टाकतं. फॅरडेनं ओळखलं की गोष्ट त्या बदलातच आहे. १७ ऑक्टोबरला त्यानं वेटोळ्यात नुसता लोहचुंबक आतबाहेर करून वीज काढली आणि २४ नोव्हेंबरला रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला.

आपल्या घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते. म्हणजे फॅरडेला हातानं जोडून-तोडून मिळणारा धक्का ट्रान्सफॉर्मरला न थांबता मिळत राहतो. पण तशी वीज वापरात यायला पन्नास वर्षं लागली. १८८५ मध्ये बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातल्या तिघा इंजिनिअरांनी ट्रान्सफॉर्मर हे नाव रूढ केलं, तेव्हा फॅरडेला जाऊन अठरा वर्षं झाली होती.

त्याला गणित फारसं येत नसे. त्याच्या कल्पनांना समीकरणांचं रूप पुढे मॅक्सवेलनं दिलं. फॅरडेची भिस्त वहीवर. प्रयोगांच्या नोंदींना त्यानं ओळीनं क्रमांक घातले, ते सोळा हजारांवर गेले. खतावणी लिहावी ती अशी. १८४० च्या आसपास डोकं चालेना, स्मरणशक्ती दगा देऊ लागली, कित्येक महिने काम बंद पडलं. तरी १८४५ मध्ये चुंबकत्वाचा प्रकाशावर परिणाम होतो हे त्यानं दाखवलंच. पैसा देणारी सल्लागाराची कामं त्यानं पूर्वीच कमी करत आणली होती. रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद, ज्या खुर्चीतून एकदा त्याला उत्तर आलं नव्हतं तेच, दोनदा नाकारलं. स्वतःला मूल नव्हतं, पण नाताळात मुलांसाठी व्याख्यानं द्यायचा तो जीव ओतून. एका साध्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली. २५ ऑगस्ट १८६७ ला हॅम्प्टन कोर्टच्या घरी तो गेला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे हायगेटच्या दफनभूमीत साधेपणानं विसावला.

हे सगळं मी तुटक तुटक त्या दुकानात सांगत होतो. नात स्टुलावर बसून वेढे मोजत होती. एक चौरस इंचाचा गाभा, म्हणजे व्होल्टला सात वेढे. दोनशे तीस व्होल्टच्या बाजूला सोळाशे दहा. बारीक तारेच्या दर थरावर तो कागद घालत होता. मग लेदरॉइडची पट्टी आणि वर जाड तार, बारा व्होल्टांना चौऱ्याऐंशी पुरेत, पण भाराखाली दाब उतरतो म्हणून अठ्ठ्याऐंशी. मधलं टोक बाहेर काढून पुन्हा अठ्ठ्याऐंशी. शेवटी इंग्रजी ई आणि आयच्या आकाराचे पत्रे आलटून पालटून ठोकून बसवले.

मशिन कुठून घेतलं, असं मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. जुनंच आहे साहेब, पुण्याहून आणलं, आईनं म्हैस विकली होती, असं त्यानं मान वर न करता सांगितलं. तुमचा अर्ज माझ्याकडेच पडून राहिला होता, मी म्हणालो. ते ठाऊक आहे, तो म्हणाला.

मग त्यानं दिव्यातून वीज देऊन आधी काही जळत नाही ना ते पाहिलं. मीटरची टोकं हातात घेतली आणि मला विचारलं, त्या मोठ्या साहेबानं पत्राला शेवटपर्यंत उत्तर दिलंच नाही का? मी नाही म्हणालो. त्यानं टोकं लावली. नातीनं काटा वाचला. एका बाजूला बारा पॉइंट सहा, दुसऱ्या बाजूलाही बारा पॉइंट सहा.