गाणारी राणी लिलिउओकलानी

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्यावर दरवर्षी कोणी ना कोणी लिहितेच, आणि माझ्यापेक्षा चांगले लिहिते. म्हणून मी जरा दूरची राणी निवडली आहे. तिचे नाव लिलिउओकलानी. नाव एकदम तोंडात बसत नाही. मलाही चार दिवस लागले. भगिनींनी तेवढे सांभाळून घ्यावे.

पॅसिफिक महासागराच्या मध्यभागी हवाई नावाची बेटे आहेत. आज ती अमेरिकेचे एक राज्य आहेत, पण पूर्वी तिथे स्वतंत्र राज्य होते. राजा त्यांचा, निशाण त्यांचे, भाषाही त्यांची. या राज्याची ही शेवटची राणी. तिचा जन्म २ सप्टेंबर १८३८ रोजी होनोलुलू येथे झाला. त्या वेळी दरबारातील एका मोठ्या बाईंचा डोळा दुखत होता, म्हणून त्यांनी बाळाचे नाव ठेवले ते चुरचुर, आसवे, आग आणि दुखरा डोळा अशा अर्थाचे! नावे ठेवण्याची तिथली रीतच तशी. आणखी एक रीत म्हणजे, मूल जन्मताच दुसऱ्या सरदार घराण्यात वाढवायला द्यायचे. त्यामुळे ही मुलगी सख्ख्या आईकडे वाढलीच नाही.

सरदारांच्या मुलांसाठी मिशनऱ्यांनी एक वसतिगृहाची शाळा काढली होती. शिक्षण इंग्रजीतून. रात्रीला पावाची एक जाड फोड आणि वर काकवी, एवढ्यावर मुलांना झोपवत. ती अर्धपोटी झोप पुढे म्हातारपणीही राणी विसरली नव्हती. पण त्याच शाळेत ती नोटेशन वाचून गायला शिकली. नवे गाणे नुसते कागदावर बघून ती म्हणत असे.

१८६२ साली तिचे लग्न जॉन डॉमिनिस या अमेरिकन गृहस्थाशी झाले. सासूबाईंना ही सून सुरुवातीला पसंत नव्हती, आणि घर तर सासूबाईंचे. पोटी मूल झाले नाही. तीन मुले तिने आपली म्हणून वाढवली. याबद्दल अधिक काय सांगू, आपणा सर्वांना कळण्यासारखे आहे.

आता भाषेविषयी. हवाईयन भाषेला पूर्वी लिपी नव्हती. वंशावळी, देवांच्या कथा, वारा-पावसाची निरनिराळी नावे, सारे पाठ करून गायचे. १८२० नंतर मिशनऱ्यांनी अक्षरे बसवून दिली, १८३४ पासून वर्तमानपत्रे निघू लागली आणि बघता बघता बहुतेक लोक वाचू लागले. पण जहाजांबरोबर रोगही आले. १८४८ च्या गोवराच्या साथीत हिची धाकटी बहीण गेली. पूर्वी काही लाख असलेले मूळ रहिवासी १८९० साली चाळीस हजारांच्या आसपास उरले. बोलणारी माणसेच संपत चालली, मग भाषा कुठे राहणार?

या काळात ही चार भावंडे गाणी रचत होती. थोरला भाऊ कलाकौआ १८७४ साली राजा झाला. मिशनऱ्यांनी वाईट ठरवलेले हुला नृत्य त्याने पुन्हा राजवाड्याच्या अंगणात आणले. भावंडांपैकी प्रत्येकाची गाणारी मंडळी वेगळी असे आणि त्यांच्यात चुरस लागे. लिलिउओकलानीने आयुष्यात दीडशेच्या वर गाणी केली. १८६६ साली तिने राष्ट्रगीत रचले, ते सुमारे दहा वर्षे चालले. १८७८ च्या सुमारास केलेले अलोहा ओए हे निरोपाचे गाणे तर जगभर गेले. पुढे ते हॉटेलांत आणि बोटींवर पाहुण्यांसाठी इतके वाजवले गेले, की ते एका राणीने रचले आहे हेही पुष्कळांना ठाऊक नसते. चाल तिने पाश्चात्य पद्धतीची घेतली, पण शब्द हवाईयनच ठेवले. तिकडच्या गाण्यांत वर फुलाचे किंवा पावसाचे वर्णन असते आणि आत दुसराच अर्थ दडलेला असतो. ती खुबी तिला फार साधली होती.

१८९१ च्या जानेवारीत भाऊ वारला आणि ही राणी झाली. त्याच साली पतीही गेला. प्रजेला मतदानाचे हक्क परत देणारी नवी घटना करावी असे तिच्या मनात होते. पण तिथल्या अमेरिकन व्यापाऱ्यांना आणि साखरवाल्यांना ते नको होते. १७ जानेवारी १८९३ रोजी त्यांनी तिला पदच्युत केले. आदल्या दिवशीच अमेरिकन नौसैनिक किनाऱ्यावर उतरले होते. रक्तपात होऊ नये म्हणून ती बाजूला झाली. दोन वर्षांनी तिच्या पक्षाच्या लोकांनी बंड केले, ते फसले, आणि तिला तिच्याच राजवाड्यात माडीवरच्या एका खोलीत कोंडण्यात आले. खटलाही चालला तो तिच्याच दरबारच्या दालनात.

त्या खोलीत ती सुमारे आठ महिने होती. सोबतीला एक बाई. वर्तमानपत्र द्यायची मनाई. पण बागेतली फुले येत ती वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून, आणि तो कागद सुरकुत्या काढून राणी वाचत असे. सुरुवातीला वाद्यही नव्हते. साध्या कागदावर तिने हाताने रेघा मारल्या आणि नुसत्या गळ्याने सूर ठरवून गाणी उतरवली. एक गाणे त्या फुलांवरच आहे. दुसरे प्रार्थनेचे, त्यात आपल्याला कोंडणाऱ्यांनाही क्षमा कर असे तिने देवाला विनवले आहे. मला स्वतःला ते जमले नसते, हे कबूल करते. त्याच खोलीत तिने रेशमी तुकड्यांची गोधडी शिवली, तिच्यावर नावे आणि तारखा भरल्या. ती अजून त्या राजवाड्यात जपून ठेवली आहे.

याच काळात तिने कुमुलिपो या सृष्टीच्या उत्पत्तीच्या दीर्घ स्तोत्राचे भाषांतर हाती घेतले. दोन हजारांवर ओळींचे हे स्तोत्र, राजघराण्यात पाठ म्हणून चालत आलेले. राज्य हातचे गेले होते, पण हे पाठ गेले तर कोणी परत आणणार नव्हते. १८९७ साली बोस्टनला ते छापून निघाले.

आणि वेळ अगदी तीच होती. १८९६ साली नव्या सरकारने कायदा केला, की शाळांत शिक्षण इंग्रजीतूनच द्यायचे. हवाईयन बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या. आईबापांनीही मग मुलांशी ती भाषा बोलणे सोडले. १८९८ साली बेटे अमेरिकेला जोडली गेली. राणीने १९०९ साली आपली मालमत्ता अनाथ मुलांसाठी लावून दिली आणि ११ नोव्हेंबर १९१७ रोजी ती वारली.

पुढच्या दोन पिढ्या घरात इंग्रजी बोलल्या, पण देवळात आणि हुलात गाणी तीच राहिली. आपल्या मंगळागौरीच्या खेळातले कितीतरी शब्द आपण अर्थ न कळता म्हणतोच की. म्हणतो म्हणून ते आहेत. तसेच तिकडे झाले. मात्र नुसत्या गाण्याने भाषा बोलती होत नाही, हेही खरे. १९८० च्या सुमारास ती बोलणारी मुले पन्नासदेखील उरली नव्हती. आधी, १९७० नंतर, तरुण मुले जुनी गाणी शोधू लागली आणि शब्दांचे अर्थ म्हाताऱ्यांना विचारू लागली. १९७८ साली हवाईयन ही राज्याची अधिकृत भाषा झाली. १९८४ साली कौआई बेटावर पहिली हवाईयन बालवाडी निघाली. तिथे लहान मुलांशी सगळे बोलणे हवाईयनमधूनच, आणि शिक्षकांच्या बरोबरीने आईबापांनीही शिकायचे. १८९६ चा तो कायदा १९८६ साली उठला. १९९९ साली राणीची गाणी नोटेशनसह एका मोठ्या पुस्तकात छापली गेली, आणि आता त्या बालवाड्यांतून शिकलेली मुलेही ती गातात, अर्थ समजून.