ज्योतीने ज्योत उजळविणाऱ्या सारा शेनिरेर

हनुक्का हा ज्यू धर्मीयांचा आठ दिवसांचा दीपोत्सव. १९१४ साली महायुद्धामुळे व्हिएन्ना नगरीत आश्रयास आलेल्या सारा शेनिरेर यांनी या पर्वात वीरांगना ज्युडिथवरील प्रवचन ऐकले आणि त्यांच्या आयुष्याला दिशा गवसली.

१८८३ साली क्राकूव येथे जन्मलेल्या साराबाई शिवणकामावर चरितार्थ चालवीत. तेथील ज्यू मुलगे धर्मपाठशाळेत जात. कन्यांना मात्र सरकारी शाळेत स्वधर्माचे ग्रंथ पारखेच राहत. देहासाठी वस्त्रे बेतणाऱ्या साराबाईंना त्यांच्या अंतःकरणाचे उघडेपण जाणवले.

१९१७ साली त्यांनी क्राकूवमध्ये २५ मुलींची शाळा काढली. गावोगावाहून मागणी येऊ लागली. पण शिकविणार कोण? साराबाईंनी आपल्याच विद्यार्थिनी शिक्षिका म्हणून धाडल्या आणि पुढे अध्यापिका-विद्यालय स्थापिले. १९३१ साली त्याची स्वतंत्र वास्तू उभी राहिली.

१९३५ साली त्या निवर्तल्या. त्यांना अपत्य नव्हते. शिष्या मात्र त्यांना माताच मानीत. पुढे नाझी संहारात पोलंडमधील त्या शाळा बुडाल्या, असंख्य शिक्षिका बळी पडल्या. तरीही वाचलेल्या शिष्यांनी अमेरिकेत व इस्रायलमध्ये हे कार्य पुढे नेले.

हनुक्काच्या दीपाधारावर इतर दिवे लावण्यासाठी एक वेगळी ज्योत असते. साराबाई तशाच होत. वास्तू भस्मसात होते. गुरूने घडविलेला गुरू मात्र विद्येला पुन्हा आसरा देतो.