हिरव्या पट्ट्याचा हिशेब

एबेनेझर हॉवर्ड (१८५०–१९२८) ना इंजिनिअर, ना आर्किटेक्ट. लंडनच्या पार्लमेंटातली भाषणं लघुलिपीत उतरवणारे साधे लेखनिक. जन्मभर बँकेची लेजरं लिहिलेल्या मला ते म्हणूनच आपले वाटतात. १८९८ साली त्यांनी पुस्तकातून हिशेब मांडला: जमीन ६,००० एकर, वस्ती ३२,०००. शहर १,००० एकरांतच. बाकी भोवती शेती, कुरणं, झाडी, कायमची. शहर भरलं तर हा हरित पट्टा खायचा नाही, पलीकडे दुसरं शहर वसवायचं. अनेकांना ते स्वप्नरंजन वाटलं. पण १९०३ मध्ये लेचवर्थ सुरू झालं, १९२० मध्ये वेल्विन. तिथेच ते वारले.

आपल्या बागेत पार्किंग करायचा विषय यंदा पुन्हा वार्षिक सभेत येतोय. गाड्यांची अडचण खरीच आहे, पण माझा हात विरोधातच वर होईल.