विल्ट चेंबरलेन

विल्टन नॉर्मन चेंबरलेन (२१ ऑगस्ट १९३६ – १२ ऑक्टोबर १९९९) हे अमेरिकन व्यावसायिक बास्केटबॉलपटू होते. ७ फूट १ इंच उंचीचे चेंबरलेन सेंटर या स्थानावर खेळत. नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन (एनबीए) या व्यावसायिक संघटनेच्या इतिहासात एका सामन्यात १०० गुण नोंदवणारे ते एकमेव खेळाडू आहेत. चार वेळा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरूनही त्यांच्या संघांनी त्यांची दोनदा अदलाबदल केली. या दोन व्यवहारांमागील कारणे त्या काळातील संघमालक व खेळाडू यांच्या संबंधांवर प्रकाश टाकतात.

प्रारंभिक जीवन

चेंबरलेन यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील फिलाडेल्फिया शहरात एका मोठ्या कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. ओव्हरब्रुक हायस्कूलमध्ये असतानाच त्यांची ख्याती देशभर पसरली होती. त्या काळी एनबीएमधील संघांना आपल्या परिसरातील खेळाडूंवर प्रथम हक्क सांगता येत असे. फिलाडेल्फिया वॉरियर्सचे मालक एडी गॉटलीब यांनी चेंबरलेन शाळेत असतानाच, १९५५ मध्ये, त्यांच्यावर हा हक्क नोंदवला. त्यामुळे व्यावसायिक कारकिर्दीचा पहिला संघ निवडण्याची संधी त्यांना मिळालीच नाही.

पुढे ते कॅन्सस विद्यापीठात दाखल झाले. १९५७ मध्ये राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाने तीन जादा डावांनंतर कॅन्ससचा ५४–५३ असा पराभव केला. पराभूत संघात असूनही चेंबरलेन स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले. १९५८ मध्ये त्यांनी विद्यापीठ सोडले. बरोबरच्या विद्यार्थ्यांचे पदवी शिक्षण पूर्ण होण्यापूर्वी एनबीएमध्ये प्रवेश मिळत नसल्याने ते एक वर्ष हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या प्रदर्शनीय संघाकडून खेळले.

वॉरियर्स संघातील कारकीर्द

१९५९–६० या पहिल्याच हंगामात त्यांनी प्रति सामना सरासरी ३७.६ गुण व २७ रिबाउंड मिळवले. सर्वोत्कृष्ट नवोदित आणि सर्वांत मौल्यवान खेळाडू हे दोन्ही सन्मान त्यांना एकाच वर्षी लाभले. १९६१–६२ च्या हंगामात त्यांची सरासरी ५०.४ गुणांवर पोहोचली. २ मार्च १९६२ रोजी हर्शी या गावी न्यूयॉर्क निक्सविरुद्ध त्यांनी १०० गुण नोंदवले. हा विक्रम पाहण्यास केवळ ४,१२४ प्रेक्षक उपस्थित होते.

त्याच वर्षी गॉटलीब यांनी संघ विकला आणि नव्या मालकांनी तो सॅन फ्रान्सिस्कोला हलवला. संघाबरोबर चेंबरलेन यांनाही देशाच्या दुसऱ्या टोकाला जावे लागले. १९६४ मध्ये वॉरियर्सने अंतिम फेरी गाठली. मात्र बिल रसेल यांच्या बॉस्टन सेल्टिक्सने त्यांना ४–१ असे नमवले.

पहिली अदलाबदल (१९६५)

१९६४–६५ च्या हंगामाच्या प्रारंभी स्वादुपिंडाच्या विकारामुळे चेंबरलेन काही सामने खेळू शकले नाहीत. संघ सातत्याने हरत होता, प्रेक्षकांची गर्दी रोडावली होती आणि चेंबरलेन यांच्या मोठ्या मानधनाचा भार मालकांना जड जात होता. त्याच संघात नेट थर्मंड हा तरुण व गुणी सेंटर होता. एकाच स्थानावरील दोन खेळाडूंपैकी स्वस्त व वयाने लहान असलेल्यास ठेवणे मालकांना सोयीचे वाटले.

जानेवारी १९६५ मध्ये त्यांना फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सकडे पाठवण्यात आले. मोबदल्यात वॉरियर्सला पॉल न्यूमन, कॉनी डियर्किंग व ली शॅफर हे तीन खेळाडू आणि दीड लाख डॉलर मिळाले. यांपैकी शॅफर यांनी व्यावसायिक खेळ सोडला व ते वॉरियर्सकडून एकही सामना खेळले नाहीत. त्या हंगामाअखेर वॉरियर्सच्या नावावर १७ विजय व ६३ पराभव जमा झाले.

फिलाडेल्फियातील विजेतेपद

जन्मगावी परतलेल्या चेंबरलेन यांचा खेळ प्रशिक्षक अॅलेक्स हॅनम यांच्या मार्गदर्शनाखाली बदलला. स्वतः गुण नोंदवण्यापेक्षा सहकाऱ्यांना चेंडू पुरवण्यावर त्यांनी भर दिला. १९६६–६७ मध्ये त्यांची गुणांची सरासरी २४.१ पर्यंत उतरली, तर संघाने ८१ पैकी ६८ सामने जिंकले. सलग आठ विजेतेपदे मिळवणाऱ्या सेल्टिक्सला त्यांनी विभागीय अंतिम फेरीत ४–१ असे हरवले. अंतिम फेरीत प्रतिस्पर्धी होते सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्स, आणि समोर उभे होते थर्मंड. ही लढत ४–२ अशी जिंकून चेंबरलेन यांनी आपले पहिले विजेतेपद मिळवले.

दुसरी अदलाबदल (१९६८)

पहिल्या व्यवहारात चेंबरलेन यांच्या मताला फारसे स्थान नव्हते. दुसऱ्यात त्यांची इच्छा निर्णायक ठरली. संघाचे सहमालक आइक रिचमन यांनी आपणास संघाच्या मालकीत वाटा देण्याचे तोंडी मान्य केले होते, असे त्यांचे म्हणणे होते. डिसेंबर १९६५ मध्ये रिचमन यांचे निधन झाले आणि दुसरे मालक अर्व्ह कोस्लॉफ यांनी हा दावा स्वीकारला नाही. १९६८ मध्ये सेल्टिक्सविरुद्ध ३–१ अशी आघाडी घेऊनही संघ हरला. त्यानंतर हॅनम संघ सोडून गेले.

१९६७ मध्ये अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन (एबीए) ही प्रतिस्पर्धी संघटना स्थापन झाली होती. तिकडे जाण्याचा पर्याय असल्याने चेंबरलेन यांचे पारडे जड झाले. काहीच मोबदला न मिळता खेळाडू गमावण्यापेक्षा त्याची अदलाबदल करणे फिलाडेल्फियाच्या व्यवस्थापनाने पसंत केले. ९ जुलै १९६८ रोजी आर्ची क्लार्क, डॅरल इमहॉफ व जेरी चेंबर्स यांच्या बदल्यात ते लॉस एंजेलिस लेकर्सकडे गेले. यांतील इमहॉफ हे हर्शीच्या त्या सामन्यात निक्सचे सेंटर होते. विद्यमान सर्वांत मौल्यवान खेळाडूची अदलाबदल होण्याची ही पहिलीच वेळ होती.

लेकर्स व निवृत्ती

जेरी वेस्ट, एल्जिन बेलर आणि चेंबरलेन असे तीन नामवंत एकत्र येऊनही लेकर्सने १९६९ व १९७० च्या अंतिम फेऱ्या सातव्या सामन्यात गमावल्या. १९७१–७२ मध्ये मात्र बिल शार्मन यांच्या प्रशिक्षणाखाली संघाने सलग ३३ सामने जिंकले आणि विजेतेपद पटकावले. चेंबरलेन अंतिम फेरीतील सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरले.

१९७३ मध्ये त्यांनी एबीएतील सॅन डिएगो कॉन्क्विस्टाडोर्स संघाशी खेळाडू व प्रशिक्षक म्हणून करार केला. जुन्या करारानुसार एका वर्षाचा हक्क शिल्लक असल्याचे सांगून लेकर्सने हरकत घेतली. परिणामी ते केवळ प्रशिक्षक राहिले व त्यांची खेळाडू म्हणून कारकीर्द संपली. करार संपल्यावरही खेळाडूला संघाशी बांधून ठेवणाऱ्या या पद्धतीविरुद्ध ऑस्कर रॉबर्टसन यांच्या नावाने १९७० मध्ये दाखल झालेल्या खटल्यात १९७६ मध्ये तडजोड झाली. खेळाडूंना संघ निवडण्याचे स्वातंत्र्य मिळू लागले, तेव्हा चेंबरलेन मैदानाबाहेर होते.

वारसा

कारकिर्दीत त्यांनी ३१,४१९ गुण व २३,९२४ रिबाउंड नोंदवले. रिबाउंडचा हा विक्रम आजही अबाधित आहे. १९७९ मध्ये त्यांचा बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. निवृत्तीनंतर त्यांनी व्हॉलीबॉलच्या प्रसाराला हातभार लावला. १२ ऑक्टोबर १९९९ रोजी हृदयविकाराने लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले. त्यांची अदलाबदल करणाऱ्या दोन्ही संघांनी आणि लेकर्सनेही त्यांचा १३ क्रमांक सन्मानपूर्वक निवृत्त केला आहे.