बधिर चट्टा लपवू नका: गांधीजींकडून शिकण्यासारखे

गगनबावड्याच्या पावसात भातखाचरात उभे राहून पायांना चिखल्या होतात, खाज सुटते. पण अंगावरचा फिकट किंवा लालसर चट्टा खाजत नसेल, दुखत नसेल आणि तिथे स्पर्शही कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. अशा वेळी महात्मा गांधी आठवा.

1869 मध्ये पोरबंदरला जन्मलेले गांधीजी बॅरिस्टर होते, डॉक्टर नव्हे. दक्षिण आफ्रिकेत दारी आलेल्या कुष्ठरुग्णाला त्यांनी घरात घेतले, त्याच्या जखमा धुतल्या. 1936 पासून ते वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहिले. कुष्ठरोग झालेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री तिथे आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात जागा दिली. देशाची कामे सांभाळून ते स्वतः त्यांच्या अंगाला तेल चोळत. हमखास औषध तेव्हा नव्हते. 30 जानेवारी 1948 रोजी गांधीजींची हत्या झाली. त्याच दिवशी आपण कुष्ठरोग निवारण दिन पाळतो.

आज औषध आहे. सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळते, 6 किंवा 12 महिने घ्यावे लागते. उपचार सुरू होताच संसर्गाची शक्यता झपाट्याने कमी होते. रुग्णाचे ताट-अंथरूण वेगळे करू नका.

बधिर पाय रोज निरखून पाहा. जखम नसेल तर 20 मिनिटे साध्या पाण्यात भिजवा, हलके टिपा आणि ओलसर त्वचेवर खोबरेल तेल लावा. तेलाने भेगा टळतात, रोग जात नाही. चट्टा लपवून वर्षे गेली, तर वाकडी झालेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत. म्हणून आजच दाखवा.